लालपरीची बॉडी कशाची करू?

प्रश्न: १/१४ स्केलच्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) ट्रकच्या चासीवर मला एसटीची जुनी लाल बस करायचीय, बॉडी साधारण ७८ सेंमी लांब होईल. बोर्ड बनवणारा दुकानदार म्हणतो ३ एमएम सनबोर्ड न्या, हलका असतो. मित्र एबीएस प्लास्टिक म्हणतो, आणखी एक जण पॉलिकार्बोनेट. नक्की काय घेऊ?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: हिप्स घ्या, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, पांढरी शीट मिळते ती. तुमच्या बसला तेच लागतं आणि त्याचं कारण तुमच्या बसमध्येच आहे, जुन्या लालपरीची बॉडी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, सगळीकडे रिव्हेटच्या ओळी, त्या ओळी नसतील तर लाल रंगाचा नुसता डबा दिसेल. ०.५ एमएमच्या हिप्सवर मागच्या बाजूने शिंप्याचं ट्रेसिंगचं चाक दाबून फिरवलं की पुढून बारीक फुगीर ठिपके येतात, असं काम सनबोर्डवर होतच नाही कारण तो आतून पीव्हीसीचा फेस आहे, दाबलं की खड्डा पडतो.

आता हलकेपणाचं बघू. चार बाजू आणि टप धरून तुम्हाला साधारण अर्धा चौरस मीटर शीट लागेल. १.५ एमएम हिप्सचं वजन होतं ८०० ग्रॅमच्या आसपास (खिडक्या कापायच्या आधी), आणि ३ एमएम सनबोर्डचंही जवळपास तेवढंच, म्हणजे ज्या फायद्यासाठी तो घ्यायचा तो फायदाच मिळत नाही! माझ्या पहिल्या ट्रकची केबिन सनबोर्डचीच होती, एकदा उलटला आणि कोपरा असा चेपला की लांबी (पुट्टी) भरूनसुद्धा परत धारदार झाला नाही, फार वाईट वाटलं होतं. पुठ्ठ्याऐवजी मापाचा कच्चा नमुना करायला मात्र सनबोर्ड उत्तम. फक्त तो लेसरवर कापायला देऊ नका, पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, माणसालाही वाईट आणि मशीनलाही.

तर भिंती १ एमएमच्या, त्यावर ०.५ ची रिव्हेटवाली कातडी. कापायला स्टीलची पट्टी धरून कटरने दोन-तीन वेळा रेघ मारा आणि वाकवा, रेघेवर सरळ तुटते. चिकटवायला प्लास्टिक सिमेंट किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन नावाचं सॉल्व्हंट), दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळून एकजीव होतं त्यामुळे फेविक्विकपेक्षा जोड कितीतरी पक्का. खिडकी उघडी ठेवूनच करा, वाफ चांगली नसते.

इथे एक गोष्ट बरेच जण चुकतात आणि ती महिन्याभराने कळते. दोन शीट एकावर एक लावताना सॉल्व्हंट जास्त झालं तर वाफ मध्ये अडकते, पातळ शीट आतून मऊ होत राहते आणि रंग देऊन झाल्यावर भिंत लाटेसारखी होते. म्हणून आतल्या १ एमएमच्या शीटला दर ३-४ सेंमीवर बारीक भोकं पाडून ठेवा, सॉल्व्हंट ब्रशने थोडं थोडंच लावा, आणि दोन-तीन दिवस सपाट फळीवर वजन ठेवून सुकू द्या. टपाची गोलाई करायला शीट पाइपला टेपने बांधून वरून उकळतं पाणी ओता.

तुमचा मित्रही अगदी चुकीचं सांगत नाहीये. एबीएस जास्त चिवट आहे, कापायला मात्र जिवावर येतं, म्हणून ते फक्त मार बसतो तिथे वापरा: पुढचा बंपर, आणि बॉडी चासीला बसते ते खांब, २ किंवा ३ एमएमचं. एमईकेने ते हिप्सलाही चिकटतं.

पॉलिकार्बोनेट रेसिंग गाड्यांसाठी, ती पातळ बॉडी गरम करून साच्यावर ओढतात आणि रंग आतून देतात. सपाट भिंतींच्या बसला त्याचा उपयोग नाही.

काचांना ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक शीट चालेल. ती लावताना फेविक्विक अजिबात नको, त्याच्या वाफेने काच पांढरी धुरकट होते, साधं फेविकॉल कडेने लावा. आणि काचा शेवटी, लाल रंग पूर्ण सुकल्यावरच.