भंडारदऱ्याच्या सहलींसाठी गाडी विकत घ्यावी का?

प्रश्न : वय ४७, राहणार नाशिक. सातपूरच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली असून कर वजा जाता २२ लाख रुपये हाती आले आहेत. पत्नीचा पगार दरमहा २८ हजार, घरखर्च ४५ हजार, मुलगी बारावीत. वीस वर्षे सह्याद्रीत भटकंती केली असल्याने नाशिकहून भंडारदरा परिसराच्या छोट्या गटाच्या, माहिती देत फिरवणाऱ्या एकदिवसीय सहली सुरू करायच्या आहेत. चालकाखेरीज १२ आसनांची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर ११ लाखांना मिळते आहे. त्यात ५ लाख माझे आणि ६ लाख कर्ज. माणशी १,६०० रुपये आणि वर्षाला १०० सहली धरल्या आहेत. गाडी घ्यावी का?

उत्तर : तुम्ही सोबत पाठवलेला खर्चाचा तक्ता बारकाईने केलेला आहे, म्हणून त्यातलेच आकडे घेऊन उत्तर देतो. एका सहलीला डिझेल १,९००, चालक १,२००, गावातला वाटाड्या १,००० आणि पार्किंग व किरकोळ ६०० असे ४,७०० रुपये माणसे कितीही आली तरी जाणारच. त्याखेरीज नाश्ता, जेवण आणि अभयारण्याचे प्रवेशशुल्क मिळून माणशी ३५० रुपये जातात, म्हणजे प्रत्येक प्रवाशामागे १,२५० रुपये उरतात. बारा जण आले तर एका सहलीत १०,३०० रुपये सुटतात आणि शंभर सहलींचे १० लाख ३० हजार होतात, हे तुमचे गणित बरोबर आहे. फक्त एक विचारतो : बाराही आसने विकली, तर माहिती सांगायला तुम्ही स्वतः कुठे बसणार? पैसे देणारे प्रवासी अकराच धरा.

खरी अडचण मात्र शंभर या आकड्यात आहे. भंडारदऱ्याला गर्दी होते ती पावसाळ्यात आणि तीही शनिवार-रविवारी. जून ते सप्टेंबर या काळात साधारण सतरा आठवडे मिळतात, म्हणजे चौतीस दिवस. त्यातून गणपती आणि रेड अलर्टमुळे पर्यटनस्थळांवर बंदी येते ते दिवस वजा केले तर सव्वीस हाती राहतात. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारपैकी निम्मे भरले तर आणखी बावीस. मार्चनंतर डोंगर करपलेले असतात, आणि मेअखेर व जूनच्या आरंभी जे काजवे पाहायला लोक येतात ती सहल रात्रीची, तिचा खर्चही वेगळा. तेव्हा पहिल्या वर्षी ४८ सहली आणि सरासरी सात प्रवासी यापेक्षा अधिक धरण्याचे धाडस मी करणार नाही. सात जणांत एका सहलीचे ४,०५० रुपये सुटतात, वर्षाचे १ लाख ९४ हजार.

आता गाडी दारात उभी असतानाचा खर्च पाहू. सहा लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जाला अकरा टक्क्यांनी दरमहा सुमारे १३ हजारांचा हप्ता पडेल. विमा, कर, परमिट आणि पासिंग, टायर व सर्व्हिसिंग, थोडी जाहिरात हे सारे हप्त्यासह मिळवून तुमच्याच तक्त्याप्रमाणे वर्षाला साडेतीन लाख होतात. सुटलेल्या १ लाख ९४ हजारांतून हे भागत नाही. वर्षाला दीड लाखाहून अधिक पदरचे घालावे लागतील. पाच वर्षांनी जुनी का होईना गाडी तुमची राहील हे खरे, पण सुरुवातीला घातलेले तुमचे ५ लाखही मी या हिशेबात धरलेले नाहीत.

याउलट, तुम्हीच लिहिले आहे की चालक आणि डिझेलसह पिवळ्या पाटीची गाडी दिवसाला ६,५०० रुपयांत भाड्याने मिळते. तशा सहलीचा ठरलेला खर्च ८,१०० रुपये होतो, म्हणजे स्वतःच्या गाडीपेक्षा ३,४०० अधिक. साडेतीन लाखांना या ३,४०० ने भागले की १०३ येतात. वर्षाला १०३ सहली झाल्या, तरच स्वतःची गाडी भाड्याच्या गाडीच्या बरोबरीला येते. तुमचा आशावादी अंदाजसुद्धा त्याच्या अलीकडेच थांबतो. भाड्याच्या गाडीत सात प्रवासी आले तर जेमतेम ६५० रुपये सुटतील आणि नऊ आले तर ३,१५०. उत्पन्न म्हणून हे फार नाही, पण सात जण जमले नाहीत तर गुरुवारी संध्याकाळी आगाऊ रक्कम परत करून सहल रद्द करता येते. हप्ता असा रद्द होत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी गाडी लग्नाला किंवा कंपनीच्या कामगारांना लावू, असे तुम्ही म्हणता. ते जमेलही, पण तो वाहतुकीचा धंदा झाला, आणि त्यात तुमच्या वीस वर्षांच्या भटकंतीचा काही उपयोग नाही.

मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी वापरण्याचा विचार मात्र सोडूनच द्या. खासगी गाडीत पैसे घेऊन प्रवासी नेले आणि घाटात अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भरपाईचा दावा तुमच्या घरापर्यंत येतो.

कार्यक्रमाविषयीही दोन शब्द सांगतो, कारण परतावा मागणारे प्रवासी तिथूनच निर्माण होतात. तुमच्या जाहिरातीत सांदण दरी बारमाही आहे. पावसाळ्यात तिच्यातून पाण्याचा लोंढा वाहतो, तिथे कोणाला उतरवता येत नाही. घाटघरच्या कोकणकड्यावर मी स्वतः एका ऑगस्टमध्ये पाऊण तास उभा होतो आणि रेलिंगपलीकडे पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसले नाही. शेजारचे गृहस्थ ओली टोपी पिळत, ‘यासाठी पैसे भरले का?’ असे गाइडला विचारत होते. अशा दिवशी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, रंधा धबधबा आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाची गोष्ट सांगणारा माणूस हाच सहलीचा माल असतो. तो तुमच्याकडे आहे, म्हणूनच बेत मोडीत काढा असे मी म्हणत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे हे कोणीही सांगेल. धरणाजवळच्या शेंडी गावात रविवारी अकरानंतर गाड्यांची रांग लागते म्हणून तलावाची फेरी उलट दिशेने मारायची, हे तुम्हीच सांगू शकता.

तेव्हा या पावसाळ्यासाठी दीड लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवा आणि भाड्याच्या गाडीने सहली काढा. ते संपले तर थांबा, दुसऱ्या खात्यातून भर घालू नका. प्रत्येक सहलीची वही ठेवा : आलेले, न आलेले, परत दिलेले. उलाढाल २० लाखांच्या आत राहील तोवर जीएसटी नोंदणीची घाई नाही. उरलेल्या रकमेतून मुलीच्या शिक्षणाचे ८ लाख वर्षावर्षाच्या मुदत ठेवींत विभागून ठेवा. पत्नीच्या पगारानंतर घराला दरमहा १७ हजार कमी पडतात, म्हणून दोन वर्षांचे ४ लाख ८ हजार सहज काढता येतील असे बँकेत असू द्या. दसऱ्यानंतर वही घेऊन पुन्हा लिहा.

कंपनीचा आरोग्यविमा महिनाअखेर संपतो, असे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. गाडीच्या आधी ते काम करा. तिघांच्या पॉलिसीचा अर्ज याच आठवड्यात भरा, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती अर्जात स्पष्ट लिहा.