बोलून मराठी टाइप करायला कोणता प्रोग्राम सगळ्यात अचूक? कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की गूगल डॉक्स, वर्ड आणि व्हिस्पर (रेकॉर्ड केलेलं बोलणं लिहून देणारं ओपनएआयचं मॉडेल) यांत मराठी सगळ्यात अचूक कोण लिहितं, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी भागातली बोली त्यांना झेपते का.

नुसतं नाव हवं असेल तर समोर बसून सांगत सांगत लिहायला गूगल डॉक्स, आणि आधीच रेकॉर्ड केलेलं उतरवायला व्हिस्परचं मोठं मॉडेल. पण हा निकाल माझ्या आवाजाचा आणि माझ्या मजकुराचा. मी बेळगावात डीटीपी करतो. पतसंस्थांचे अहवाल, मंडळांची पत्रकं, लग्नपत्रिका असलं काम. तुमचं काम वकिली नोटिसांचं असेल तर निकाल उलटाही लागेल. म्हणून तपासणी आपली आपणच करावी, एका दुपारचं काम आहे.

सगळ्यांना एकच आवाज ऐकवा. प्रत्येक प्रोग्रामपुढे नव्याने वाचायला बसलं की तिसऱ्या खेपेला आपणच सावकाश, स्पष्ट बोलायला लागतो आणि शेवटचा प्रोग्राम उगाच हुशार ठरतो. मोबाइलवर एकदाच रेकॉर्ड करा, तेही रोजच्या कामातला मजकूर, ज्यात गावं, आडनावं, रकमा येतील. अग्रलेख नको, तो सगळ्यांनाच सोपा जातो.

डॉक्स आणि वर्डचं डिक्टेट माइकमधून ऐकतं. स्पीकरसमोर माइक धरला तर खोलीतला पंखाही परीक्षेला बसतो. त्यापेक्षा व्हीबी-केबल हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका, ते संगणकात वाजणारा आवाज थेट माइकच्या जागी पोचवतं. रेकॉर्डिंग ‘केबल इनपुट’वर वाजवायचं आणि माइक म्हणून ‘केबल आउटपुट’ निवडायचा. यात एक खोच आहे. डॉक्स सोडून दुसऱ्या खिडकीत गेलं की त्याचं ऐकणं बंद पडतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला दहाएक सेकंद शांतता ठेवा, प्लेअर चालू करून डॉक्समध्ये या आणि कंट्रोल-शिफ्ट-एस दाबा. व्हिस्परला देताना मात्र तीच शांतता कापा. ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं हे मॉडेल शांततेत कधी कधी कुणी न बोललेली वाक्यं लिहून मोकळं होतं. शिवाय भाषा मराठी म्हणून ठरवून द्या, नाहीतर ते मराठीला हिंदी समजून बसू शकतं.

आता मोजणी, आणि खरी गंमत इथेच आहे. रूढ माप असं : बदललेले, गळलेले आणि जादा घुसलेले शब्द मोजायचे आणि मूळ शब्दसंख्येने भागायचं. अहवालातलं एक वाक्य घ्या : ‘येळ्ळूरच्या सभासदांना अडीच टक्के जादा लाभांश दिला’. शब्द सात. प्रोग्रामने लिहिलं ‘एल्लूरच्या सभासदांना २.५ टक्के जादा लाभ अंश दिला’. गावाचं नाव एक, अडीचचे २.५ झाले ती दुसरी चूक, लाभांश फुटला तिथे एक बदल आणि एक जादा शब्द अशा आणखी दोन. सातात चार चुका, म्हणजे ५७ टक्के! माणसाच्या नजरेने बघाल तर मोठी चूक एकच, येळ्ळूरची. दुसऱ्या प्रोग्रामने सगळं बरोबर लिहून शेवटी ‘दिला नाही’ केलं, तर त्याची चूक फक्त १४ टक्के. आता हा अहवाल वार्षिक सभेत वाचून दाखवा बघू.

म्हणून मी शब्दांबरोबर अक्षरांच्या चुकाही मोजतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, एक मात्रा हुकली तरी अख्खा शब्द बाद होतो. अक्षरांनी मोजलं की शिक्षा गुन्ह्याएवढीच होते. चुका मोजायला तयार स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) वापरणार असाल तर जपून. व्हिस्परसोबत इंग्रजी सोडून बाकी भाषांसाठी मजकूर ‘साफ’ करण्याची जी सोय येते, ती काना, मात्रा, वेलांटीला फालतू चिन्हं समजून उडवते. मग ‘दिला’ आणि ‘दिली’ एकच ठरतात आणि आकडे झकास दिसतात. उलट ‘ॲप’मधला ॲ एका जागी एकसंध असला आणि दुसऱ्या जागी अ वर चंद्र देऊन केलेला असला, तर डोळ्याला सारखाच दिसतो पण संगणक चूक धरतो. तुलनेआधी दोन्हीकडे एकच रूप करून घ्या.

विरामचिन्हं वेगळी ठेवा. डॉक्समध्ये बोलून विरामचिन्हं द्यायची सोय मोजक्या भाषांत आहे, त्यात मराठी नाही. ‘पूर्णविराम’ म्हणाल तर तो शब्द उमटेल. व्हिस्पर आपल्या मनाने टिंबं देतं, बरीचशी बरोबर. या सगळ्यावर माझं एक साधं माप आहे. कच्चा मजकूर छपाईजोगा करायला किती मिनिटं लागली, ते घड्याळ लावून बघतो. रकमा तर मी अजूनही हातानेच टाकतो.

बोलीचं म्हणाल तर ‘जावालोय’, ‘काय करालाईस’ हे कुणालाच धड जमत नाही. एक तर तुकडे होतात, नाहीतर गुपचूप पुस्तकी ‘जातोय’ होतं. पत्र, अर्ज लिहायचा असेल तर ते पथ्यावरच पडतं. फसवणूक कागदपत्रांत होते. आपल्याकडचा ‘पहाणी उतारा’ (कर्नाटकातला सातबारा) सांगितला की ‘पाहणी उतारा’ होतो, आणि तो शब्द बरोबरच वाटत असल्यामुळे तपासताना नजर त्यावरून घसरते. मध्येच कन्नड वाक्य आलं तर थांबून भाषा बदला, एका दमात दोन्ही बोलू नका. घरच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं जसंच्या तसं उतरवायचं असेल, तर व्हिस्परचा मजकूर कच्चा म्हणून घ्या आणि कानाला हेडफोन लावून दुरुस्त करा. पहिल्यापासून टाइप करण्यापेक्षा वेळ तरी वाचतो.