पडदा दिसत नाही, तरी खेळ दिसायला हवा

वाचकांचे प्रश्न

या वेळी इंदूरहून व्हिडिओ गेमवरच्या पॉडकास्टबद्दल पाच पत्रं आली. पहिल्या पत्रातला प्रश्न बाकीच्या चारांच्याही मुळाशी आहे, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : राजेंद्रनगरहून विजयनगरला नोकरीसाठी जाऊन-येऊन रोज दीड तास जातो. त्या वेळात गेमचे पॉडकास्ट ऐकते. दोन-दोन तासांचे एपिसोड, त्यात अर्धा वेळ हसणं-खिदळणं, आणि शेवटी गेम घ्यावा की नाही ते कळतच नाही. ऐकण्याजोगा पॉडकास्ट लवकर कसा ओळखायचा? (एक वाचिका, राजेंद्रनगर)

उत्तर : सुरुवातीच्या गप्पा सोडून द्या. मुख्य गेमची चर्चा जिथे चालू असेल तिथे जा, दहा मिनिटं ऐका आणि थांबवा. आता स्वतःला विचारा : या गेममध्ये खेळणाऱ्याचे हात नक्की काय करतात? हे तुम्हाला सांगता आलं, तर होस्ट कामाचा. नाही आलं, तर त्याचा आवाज कितीही गोड असो, पुढचा पॉडकास्ट बघा.

ही कसोटी रेडिओवर क्रिकेट ऐकलेल्यांच्या ओळखीची आहे. इंदूरचेच सुशील दोशी हिंदीत आणि बाळ ज. पंडित मराठीत कॉमेंट्री करायचे, तेव्हा आधी क्षेत्ररचना कळायची, मग चेंडूचा टप्पा, मग बॅट कशी आली ते, आणि ‘वा!’ त्याच्यानंतर. गेमचा होस्ट नेमका इथे घसरतो. तो खेळून आलेला असतो, त्याच्या डोळ्यांसमोर चित्र असतं, म्हणून तो थेट ‘वा!’पासून सुरू करतो. ‘कॉम्बॅट भारी आहे’, ‘कंट्रोल एकदम स्मूद’ ही वाक्यं कुठल्याही गेमला चिकटवता येतात, म्हणून ती ऐकून हाती काही लागत नाही.

2018 चा ‘सेलेस्ट’ हा उड्या मारत डोंगर चढायचा गेम घ्या. ‘कंट्रोल चोख आहेत’ म्हटल्याने काय कळलं? त्याऐवजी होस्ट म्हणाला, ‘हवेत एकदाच झेप मारता येते, पाय जमिनीला लागले की ती परत मिळते. कड्यावरून पाय सुटल्यावरही अगदी क्षणभर उडीचं बटण चालतं. त्यामुळे शंभर वेळा मेलं तरी चूक आपली होती असं वाटतं, गेमने दगा दिला असं वाटत नाही,’ तर गेम न बघताही तो आपल्याला जमेल की चिडचिड होईल, हे तुम्ही ठरवू शकता.

दुसरी गोष्ट, होस्ट किती तास खेळला, कशावर खेळला आणि कोणत्या डिफिकल्टीवर. साठ तासांच्या गेमवर चार तास खेळून दिलेलं मत टाकाऊ नसतं. पण ते चार तासांचं आहे हे त्याने सांगायला हवं, कारण मोठ्या गेममधले पहिले तास शिकवण्यात जातात आणि तोचतोचपणाचा कंटाळा नंतर येतो. कशावर खेळला हे का महत्त्वाचं? फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र. सेकंदाला 60 फ्रेम चालणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची, 30 फ्रेमवर 33.3 ची. तोच गेम कमी ताकदीच्या यंत्रावर हाताला जड लागतो. होस्टने यंत्राचं नाव घेतलं नाही, तर तक्रार गेमची की यंत्राची, हे कळायला मार्ग नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मतभेद. तिघे होस्ट सगळ्यावर माना डोलावत असतील, तर एकालाच ऐकल्यासारखं आहे. चांगल्या पॉडकास्टमध्ये एकाला गेम रटाळ वाटतो, दुसरा विचारतो ‘कुठल्या तासाला?’, आणि उत्तरातून कळतं की पहिल्याने एक मोठी सोय वापरलीच नव्हती. तिथे ऐकणाऱ्याचं खरं शिक्षण होतं. आणि मागच्या एपिसोडमधली चूक पुढच्यात स्वतःहून दुरुस्त करणारा होस्ट कधी सोडू नका.

चौथी गोष्ट पैशाची. गेम स्वतः विकत घेतला की कंपनीने रिव्ह्यूसाठी मोफत दिला, एपिसोडचा प्रायोजक कोण, हे सुरुवातीलाच सांगितलेलं असावं. जेफ गर्स्टमन या समीक्षकाची नोकरी 2007 मध्ये गेली. त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता, हे त्याने 2012 मध्ये उघडपणे सांगितलं. दरम्यान 2008 मध्ये त्याने सहकाऱ्यांसोबत ‘जायंट बॉम्ब’ हे गेमविषयीचं संकेतस्थळ सुरू केलं, आणि त्यांचा पॉडकास्ट लोक वर्षानुवर्षं ऐकत राहिले. तिथेही गप्पा लांबायच्या, पण गेम वाईट असेल तर तो वाईट आहे असं ही माणसं म्हणतील, याची ऐकणाऱ्याला खात्री होती. तेव्हा खिदळण्यावर सरसकट काट मारू नका. विश्वास बसलेल्या माणसाचं हसूही ऐकवतं.

आता नावं. ‘ट्रिपल क्लिक’ 2020 पासून चालू झाला. जेसन श्रायर हा बातमीदार, कर्क हॅमिल्टन संगीतातला, मॅडी मायर्स समीक्षक, त्यामुळे एकाच गेमला तीन वेगळे कान मिळतात. जुन्या गेमचा इतिहास हवा असेल तर ‘रेट्रोनॉट्स’, तो 2006 पासूनचा आहे. गेम बनतो कसा हे ऐकायचं असेल तर ‘डिझायनर नोट्स’. त्याचा होस्ट सोरेन जॉन्सन स्वतः ‘सिव्हिलायझेशन 4’ या गेमचा मुख्य डिझायनर, म्हणून तो पाहुण्याला वरवरचे प्रश्न विचारत नाही. एपिसोड लांबलचक असतात, तुमच्या दीड तासाला चांगले पुरतील.

प्रश्न : इंग्रजी पॉडकास्ट आवडतात, पण होस्ट फार भरभर बोलतात. निम्मं निसटतं. (एक वाचक, सुदामानगर)

उत्तर : वेग 0.8 वर ठेवा. 0.7 च्या खाली गेलात तर शब्द ताणले जाऊन उलट कळेनासे होतात. ॲपल पॉडकास्ट ॲपमध्ये 2024 पासून इंग्रजी एपिसोडचा लिखित मजकूर आपोआप दिसतो. पहिले दोन-तीन एपिसोड त्यावर डोळे ठेवून ऐका. होस्टची ठरावीक पन्नासेक शब्दांची बोली असते, ती कानात बसली की मजकुराची गरज उरत नाही. सुरुवात मात्र स्वतः खेळलेल्या गेमच्या एपिसोडने करा. चित्र डोक्यात असलं की निसटलेला शब्द अंदाजाने भरता येतो.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे, कानात सदोदित हेच. मला गेममधलं काही कळत नाही. काय ऐकतोय ते तपासावं तरी कसं? (एक आई, रामबाग)

उत्तर : एपिसोडच्या नावाशेजारी इंग्रजी ‘ई’ अक्षराची छोटी चौकट असेल, तर त्यात शिवराळ किंवा प्रौढांसाठीची भाषा आहे. मात्र ही खूण पॉडकास्टवालेच लावतात, त्यामुळे ती नसली म्हणजे सगळं स्वच्छ असं धरू नका. जाहिराती ऐका. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती यांवर केंद्राच्या 2025 च्या कायद्याने बंदी आणली आहे, तेव्हा ‘इतके जिंका’ सांगणारा होस्ट ताबडतोब बंद करायचा. बाकी त्याला एकदा म्हणा, ‘आज ऐकलेला गेम मला न दाखवता समजावून सांग.’ त्याने नीट सांगितलं, तर तो चांगल्या माणसांना ऐकतोय.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र, दोघे इंदूरला, एक पुण्यात शिकायला. मराठीत गेमवर पॉडकास्ट सुरू केलाय. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, पुण्याच्या मित्राचा मध्येच तुटतो, आणि ऐकणारे म्हणतात कोण बोलतंय ते कळत नाही. शिवाय आमची इंदुरी मराठी चालेल का? (तीन विद्यार्थी)

उत्तर : शेवटचं आधी. चालेल, आणि तीच ठेवा. होळकरांच्या काळापासून इथे मुरलेली मराठी आहे. तुमच्या बोलण्यात हिंदी डोकावली तर डोकावू द्या. पुस्तकी मराठी बोलायला गेलात की वाक्य जुळवण्यात लक्ष जातं आणि गेम राहून जातो. ‘लॅग’, ‘ग्राइंड’, ‘बॉस’ हे शब्द जसेच्या तसे वापरा, फक्त एपिसोडमध्ये पहिल्यांदा आला की अर्धं वाक्य खर्च करून अर्थ सांगा.

डब्यातला आवाज खोलीमुळे येतो. फरशी, काच आणि मोकळ्या भिंतींवर आवाज आपटून माइककडे परत येतो, आणि माइक जितका लांब तितका हा परतलेला आवाज जास्त. म्हणून माइक तोंडापासून मूठभर, म्हणजे 8 ते 10 सेंटिमीटरवर आणा. खाली सतरंजी, माइकच्या मागे दोरीवर जाड गोधडी, आणि जमलं तर बोलणाऱ्याच्या पाठीमागे कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट. माइक थेट तोंडासमोर न धरता जरासा बाजूला धरा, कारण मराठीत फ, भ, ख जागोजागी येतात आणि त्यांची फुंकर थेट माइकवर बसते. कंडेन्सर हा फार संवेदनशील माइक घरगुती खोलीत शेजारचा कुकरही टिपतो. डायनॅमिक प्रकारचा यूएसबी माइक घ्या. ब्लूटूथ हेडसेटच्या माइकवर कधीही रेकॉर्ड करू नका. माइक चालू होताच तो टेलिफोनच्या दर्जावर उतरतो. कानाला तारेचे इयरफोन लावा. स्पीकरवर ऐकलं, तर पुण्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरून घुमेल.

तुटणाऱ्या आवाजाचं कारण म्हणजे तुम्ही कॉल रेकॉर्ड करताय. कॉल फक्त एकमेकांना ऐकायला वापरा. प्रत्येकाने आपला आवाज आपल्या यंत्रावर रेकॉर्ड करायचा : डब्ल्यूएव्ही (न आकसवलेली ध्वनिफाइल), 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो (एकच वाहिनी). तासाला सुमारे 520 एमबी होतात, तेवढी जागा आधी रिकामी ठेवा. सुरुवातीला ‘एक, दोन, तीन’ म्हणून तिघांनी टाळी वाजवा, शेवटी पुन्हा वाजवा. एडिटिंगमध्ये पहिल्या टाळ्या जुळवा आणि मग शेवटच्या तपासा. त्या जुळत नसतील तर घाबरू नका, दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारख्या वेगाने चालत नाहीत. दर दहा-पंधरा मिनिटांनी शांत जागा शोधून ट्रॅक तोडा आणि सरकवा. हे केलं नाही, तर तासाच्या शेवटी प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू झाल्यासारखं ऐकू येतं.

पंखा आणि कूलर बंद. एप्रिल-मेमध्ये वीस मिनिटांहून जास्त सलग बसू नका, थांबा, पंखा लावा, मग पुढचा तुकडा. लग्नसराईत रात्री उशिरा किंवा पहाटे बसा, वरातीच्या डीजेवर कुठलाही फिल्टर चालत नाही. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की मोठ्याने हसलात तरी मीटर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ नये, साधं बोलणं उणे 12 च्या आसपास. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही, हळू आवाज वाढवता येतो.

ऑडॅसिटी या आवाजाच्या एडिटिंगच्या मोफत प्रोग्रॅममध्ये क्रम पाळा. आधी नॉइज रिडक्शन, त्यासाठी कोणी बोलत नसलेले दोन-तीन सेकंद नमुना म्हणून द्या आणि 6 ते 9 डेसिबलवर थांबा. जास्त केलंत तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मग 80 हर्ट्झखालची घरघर काढा, मग मोठ्या आणि हळू आवाजातला फरक कमी करणारा कॉम्प्रेसर, 3 ला 1. शेवटी लाउडनेस नॉर्मलायझेशन : स्टिरिओ फाइलला उणे 16, मोनोला उणे 19 एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप). तिथे आधीपासून उणे 23 भरलेलं असतं, ते बदलायला बहुतेक जण विसरतात आणि मग एपिसोड रस्त्याच्या आवाजात ऐकूच येत नाही. मोनो एमपी3, 96 केबीपीएस पुरे, तासाचा एपिसोड 43 एमबीच्या आसपास होतो.

कोण बोलतंय ते कळत नाही, याला यंत्र कारण नाही. पहिली पाच मिनिटं प्रत्येकाने दुसऱ्याला नावाने हाक मारून वाक्य सुरू करावं. एकाने सूत्रधार व्हावं : घड्याळ बघणं, बोलणं तोडणं, ‘म्हणजे काय?’ विचारणं हे त्याचं काम. शक्यतो तो गेम न खेळलेला असावा, मग तो ऐकणाऱ्याच्या वतीने विचारतो आणि खेळलेल्यांना चित्र उभं करावंच लागतं. पंचेचाळीस मिनिटांत एकच गेम घ्या. आधी प्रत्येकाने गेमबद्दलची तीन विधानं कागदावर लिहावीत, आणि प्रत्येकापुढे तो प्रसंग जिथे ते जाणवलं. प्रसंग सापडत नसेल, तर विधान खोडा. कथेचा उलगडा करायचा असेल तर तो शेवटी, आणि ‘बत्तिसाव्या मिनिटापासून शेवट सांगणार आहोत’ असा मिनिटाचा आकडा देऊन.

विषय परदेशातून आणायची गरज नाही. ‘राजी’ हा 2020 चा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला आहे, आणि तुमचा एक होस्ट पुण्यातच आहे. गेम बनवणाऱ्या कोणाची मुलाखत मिळाली, तर ‘प्रेरणा कुठून मिळाली?’ विचारू नका, त्याचं तयार उत्तर त्यांच्याकडे असतं. ‘बनवून झालेलं काय काढून टाकावं लागलं, आणि का?’ विचारा.

प्रश्न : एपिसोडमध्ये गेमचं संगीत वाजवलं तर चालतं का? (एक वाचक, विजयनगर)

उत्तर : समीक्षेसाठी एखाद्या कृतीचा वाजवी वापर कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 खाली करता येतो. ‘तीस सेकंदांपर्यंत सगळं चालतं’ असा नियम मात्र कुठेही नाही. गेममधली प्रसिद्ध गायकांची गाणी वेगळ्या परवान्याने घेतलेली असतात, ती टाळा. यूट्यूबची यंत्रणा फक्त सूर ओळखते आणि दावा ठोकते, तुमची समीक्षा तिला कळत नाही. पार्श्वभूमीला अख्खा एपिसोडभर संगीत लावून ठेवणं तर कानालाही जाचतं आणि ‘समीक्षा’ या शब्दातही बसत नाही.

यापेक्षा गेमचे आवाज वापरा. गेमच्या सेटिंगमध्ये संगीत शून्यावर आणा, इफेक्ट पूर्ण ठेवा आणि स्वतः खेळताना रेकॉर्ड करा : दगडावरची पावलं, तलवार ढालीवर आपटणं, उडी चुकल्यावरचा आवाज. तीन-चार सेकंद पुरतात. त्यावर बोलायचं असेल तर तो आवाज तुमच्या बोलण्यापेक्षा 12 ते 15 डेसिबलने खाली ठेवा. आणि क्लिप मत सांगायच्या आधी वाजवा. नंतर वाजवली, तर ऐकणारा तुमचंच मत त्यात शोधत बसतो.