सस्पेन्स, प्रेम आणि खमकी नायिका: १५ वर्षांच्या मुलीसाठी कोणत्या यंग अ‍ॅडल्ट कादंबऱ्या घ्याव्यात?

तुम्ही विचारलंय की भाची १५ वर्षांची आहे, इंग्रजी बऱ्यापैकी वाचते, तिला रहस्यही हवं, लव्हस्टोरीही हवी आणि हिरॉइन रडूबाई नको. दुकानात अशा यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या, पुस्तकांचा ढीग पडलाय, तर त्यातलं काय घ्यावं आणि चांगलं कसं ओळखावं?

आधी कसोटी सांगते. गोष्टीतलं प्रेमप्रकरण मनातल्या मनात काढून टाका. रहस्य तरीही जसंच्या तसं उभं राहत असेल, तर ते प्रेम वरून भुरभुरलेली कोथिंबीर आहे. चांगल्या पुस्तकात ते काढताच येत नाही, कारण नायिकेचं मन आणि तिचा संशय एकाच माणसापाशी येऊन अडलेले असतात. त्याच्यावर विश्वास ठेवला तर काय होईल, नाही ठेवला तर काय गमवावं लागेल, हाच तिथला सस्पेन्स.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे सुझन कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८). भविष्यातल्या एका देशातले १२ जिल्हे, प्रत्येकातून एक मुलगा आणि एक मुलगी, वय १२ ते १८. अशा २४ जणांनी आखाड्यात एकमेकांना मारायचं, जगेल तो एकटा, आणि हे सगळं टीव्हीवर दाखवलं जातं. १६ वर्षांची कॅटनिस धाकट्या बहिणीच्या जागी स्वतःहून उभी राहते. तिच्याच जिल्ह्यातला पीटा मुलाखतीत सगळ्या देशासमोर सांगतो की माझं हिच्यावर प्रेम आहे. हे खरं की प्रेक्षकांना आपल्या बाजूला वळवायचा डाव, तिला कळत नाही, आपल्यालाही नाही. पुढे तो जखमी होऊन गुहेत पडलेला असताना ती त्याचं चुंबन घेते, आणि लगेच पॅराशूटला बांधलेलं गरम सूपचं भांडं खाली येतं. ती हिशेब करते: एका चुंबनाला एक भांडं सूप. बाहेर बसलेल्या प्रेक्षकांना हवं ते दिलं तर अन्न येणार. प्रेम इथे अक्षरशः शिधा झालंय, आणि त्यातलं किती खरं हे तिचं तिलाही उमगत नाही. हे काढून टाका, कादंबरीच उरत नाही.

भाषेच्या दृष्टीनेही हे पहिलं पुस्तक म्हणून उत्तम. वाक्यं छोटी आहेत आणि सगळं ‘मी’च्या तोंडून वर्तमानकाळात घडतं, त्यामुळे नायिका शेवटपर्यंत जिवंत राहणारच अशी खात्री वाचकाला राहत नाही. लहान मुलं मरतात, ते वर्णन अंगावर येतं, पण शरीरसंबंधांची दृश्यं नाहीत. या मालिकेच्या तिसऱ्या भागात प्रेम मागे पडतं आणि युद्धाने माणसाचं काय होतं ते पुढे येतं. बऱ्याच वाचकांचा तिथे हिरमोड होतो. मला तो शेवट पूर्ण प्रामाणिक वाटतो.

निव्वळ गुन्ह्याचा तपास हवा असेल तर हॉली जॅक्सन यांचं ‘अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर’ (२०१९) घ्या. इंग्लंडमधल्या छोट्या गावात पाच वर्षांपूर्वी अँडी बेल ही मुलगी नाहीशी झाली. तिचा मित्र सॅल सिंग यानेच तिला मारून आत्महत्या केली, असं सगळं गाव मानतं. पिप शाळेच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने ही केस पुन्हा उघडते आणि तिला साथ देतो सॅलचा धाकटा भाऊ रवी. म्हणजे पुरावा उलटा निघाला, सॅलच दोषी ठरला, तर ते तिला रवीच्या तोंडावर सांगावं लागणार. त्यांचं प्रेम सावकाश फुलतं, तपासाला अडवत नाही, आणि तरी प्रत्येक नव्या धाग्याला त्यामुळे वजन येतं.

या पुस्तकाची बांधणी मुद्दाम बघण्यासारखी आहे. मधे मधे पिपच्या प्रोजेक्टच्या नोंदी येतात, मुलाखती शब्दशः उतरवलेल्या असतात, आणि संशयितांची यादी वाढत जाते. पिपला जेवढं माहीत, तेवढंच वाचकाला. रहस्यकथेतला सर्वांत मोठा अप्रामाणिकपणा म्हणजे निवेदकाला माहीत असलेली गोष्ट वाचकापासून उगाच दडवून शेवटी धक्का देणं. इथे तसं होत नाही. कॅम्पिंगच्या रात्री पिपला स्वतःच्या स्लीपिंग बॅगमध्ये तपास थांबवायला सांगणारी चिठ्ठी सापडते. तिथे भीती वाटते ती चिठ्ठीतल्या शब्दांपेक्षा, ती आपल्याच मित्रमैत्रिणींपैकी कुणीतरी ठेवली असेल या शक्यतेची. एक सावधगिरी: अमेरिकन आवृत्तीत गोष्ट इंग्लंडमधून कनेक्टिकटला हलवली आहे आणि गावाचं नाव बदललंय. या मालिकेचे तिन्ही भाग एकाच देशाच्या आवृत्तीचे घ्या, नाहीतर वाचताना गोंधळ होतो. मुलींना पेयातून औषध देऊन केलेल्या अत्याचाराचा विषय पहिल्याच भागात आहे, आणि तिसरा भाग फार काळोखा आहे. तो देण्याआधी तुम्ही वाचा.

आता ‘खमकी’ म्हणजे काय? पहिल्या प्रकरणात नायिका चाकू फिरवते, फटकळ बोलते, आणि शेवटी हिरो येऊन तिला सोडवतो, असली पुस्तकं ढिगाने आहेत. दुकानात उभ्या उभ्या पारख करायची तर सुरुवात वाचू नका. पुस्तक मधेच उघडा आणि एखादं वळणाचं प्रकरण बघा: निर्णय कोण घेतंय, आणि चुकला तर किंमत कोण मोजतंय? कॅरेन मॅकमॅनस यांच्या ‘वन ऑफ अस इज लायिंग’ (२०१७) मध्ये शाळेत शिक्षा म्हणून बसवलेल्या पाच जणांपैकी एक मरतो आणि उरलेल्या चौघांवर संशय येतो. त्यात ब्रॉनविन आणि नेटची प्रेमकथा ठीक आहे. पण खरी नायिका मला अ‍ॅडी वाटते. काय घालायचं, कुणाशी बोलायचं, सगळं तिचा बॉयफ्रेंड ठरवत असतो. एक दिवस ती आपले लांबसडक केस कापून टाकते. ना मारामारी, ना भाषण, पण तिथून पुढे ती स्वतःचे निर्णय घेऊ लागते. १५ वर्षांच्या मुलीला तलवारीपेक्षा ही ताकद जास्त कामाची.

उलट बाजूही सांगायला हवी. या प्रकारात मुलाचा मालकी हक्क प्रेम म्हणून खपवण्याची जुनी खोड आहे. ‘ट्वायलाइट’ (२००५) मध्ये नायक रात्री नायिकेच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो, आणि ते रोमँटिक म्हणून येतं. असं पुस्तक हातातून काढून घेऊ नका. भाचीला इतकंच विचारा की वर्गातल्या मुलाने असं केलं तर तुला कसं वाटेल.

दुसरी खोड प्रेमत्रिकोणाची. जेनिफर लिन बार्न्स यांच्या ‘द इनहेरिटन्स गेम्स’मध्ये (२०२०) अब्जाधीश म्हातारा जवळजवळ सगळी संपत्ती एका अनोळखी मुलीला देऊन जातो. त्यातली कोडी झकास आहेत, पण नायिका दोन भावांमध्ये घुटमळते तेव्हा गोष्ट जागच्या जागी थांबते. तेरा-चौदाच्या मुलांना मात्र हे पुस्तक सहज पचतं.

सगळ्यांत आवडतं विचाराल तर अँजेलिन बूली यांचं ‘फायरकीपर्स डॉटर’ (२०२१), ज्याला यंग अ‍ॅडल्ट पुस्तकांसाठीचा अमेरिकेतला प्रिंट्झ पुरस्कार २०२२ मध्ये मिळाला. मिशिगनमधली १८ वर्षांची डॉनिस अर्धी ओजिब्वे आदिवासी आहे, आइस हॉकी खेळते, रसायनशास्त्रात हुशार आहे. एक खून तिच्या डोळ्यांदेखत होतो आणि ती ड्रग्जच्या तपासात एफबीआयची खबरी बनते. वनस्पतींबद्दलचं परंपरेतलं ज्ञान आणि प्रयोगशाळेतलं ज्ञान, दोन्ही तिला तपासात लागतं. जेमी हा नवा मुलगा आपल्याबद्दल सगळं खरं सांगत नाहीये हे तिला जाणवतं, आणि तिथे प्रेम आणि संशय पुन्हा एकत्र येतात. सुरुवातीची शंभरेक पानं संथ आहेत, माणसं खूप, ओजिब्वे शब्द खूप. तिथे सोडून देऊ नये. लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे, म्हणून हे सोळाच्या पुढे बरं.

आपल्याकडच्या कुमार साहित्यात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने रहस्याची आणि साहसाची गोडी लावली, पण त्या वयातलं प्रेम तिथे नाही. त्यामुळे भाची इंग्रजीकडे वळली तर नवल नाही.

ऑनलाइन मागवताना एक बघा. यंग अ‍ॅडल्ट आणि न्यू अ‍ॅडल्ट ही पुस्तकं शेजारी शेजारी दाखवली जातात, मुखपृष्ठंही सारखीच गोड असतात. न्यू अ‍ॅडल्टमध्ये पात्रं साधारण अठराच्या पुढची असतात आणि प्रणयदृश्यं उघड असतात. कॉलीन हूवर यांचं ‘इट एंड्स विथ अस’ शाळकरी मुलींच्या हातात सर्रास दिसतं, पण ते मोठ्यांचं पुस्तक आहे, घरगुती हिंसेवरचं. वाचकांच्या अभिप्रायात ‘स्पाइस’ हा शब्द शोधा, तो शरीरसंबंधांच्या वर्णनांसाठी वापरतात.

तुमच्या भाचीला आधी पिप द्या, मग कॅटनिस. डॉनिसला अजून वर्षभर थांबू द्या. मॉरीन जॉन्सन यांचं ‘ट्रूली डीव्हियस’ (२०१८) घेतलंत तर मालिकेचे पहिले तीन भाग एकदम घ्या: पहिला भाग संपतो तेव्हा गोष्टीच्या मुळाशी असलेलं १९३६ च्या अपहरणाचं कोडं सुटलेलं नसतं, आणि पुस्तक भलत्याच ठिकाणी थांबतं.