ऑरगॅनिकचा ग्रुप स्टडी बंद करू का?

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी कोल्हापूरला होस्टेलवर, एसवाय बीएस्सी केमिस्ट्री, ऑरगॅनिकच्या इंटर्नलला ४० पैकी १७. रोज रात्री तिघी मैत्रिणींबरोबर अभ्यासाला बसते, "म्हणजे गप्पाच", तर घरी आणून पर्सनल ट्यूशन लावू का, चांगला क्लास सुचवा.

साहेब, १७ मार्कांचं मला काही वाटलं नाही. पण तुम्ही शेवटी सहज लिहून गेलाय की रात्री नऊला व्हिडिओ कॉल करून ती एकटी बसलीय ना ते बघता, ते वाचून काळजी वाटली. एकोणीस वर्षांची पोरगी आहे, तिचं लक्ष वहीत राहील का फोन कधी वाजतोय यात? मैत्रिणींसमोर रोज अशी हजेरी घेतलीत तर थोड्याच दिवसांत ती थापा मारायला लागेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. तो कॉल आधी बंद करा.

आता तुमचं ते "ऑरगॅनिक म्हणजे पाठांतर, त्याला चौघी कशाला". टर्ट-ब्युटाइल ब्रोमाइड आणि सोडियम इथॉक्साइड दिलं की पाठांतरवाली विल्यमसनची इथर बनवायची रीत आठवून इथर लिहून मोकळी होते, आणि मिळतं मुख्यतः आयसोब्युटिलीन, म्हणजे दुहेरी बंधाचा अल्कीन, कारण ब्रोमिन लागलेल्या कार्बनभोवती तीन मिथाइलची गर्दी, इथॉक्साइडला मागून शिरायला जागाच नाही, मग तो शेजारचा हायड्रोजन उचलतो. एकटीनं वाचलं की कळल्यासारखं वाटतं. रिअ‍ॅक्शन लिहिताना इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते बाणानं दाखवतात; शेजारची म्हणाली, "थांब, हा बाण निघाला कुठून, इलेक्ट्रॉन कुणाचे?" की पेन अडतं, आणि अडलं तेच तर शिकायचं असतं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात १९९० च्या दशकात केमिस्ट्रीसाठीच असे छोटे गट सुरू झाले, तो कोर्स आधी चांगला पार केलेला विद्यार्थी गट चालवतो, पण उत्तरं सांगत नाही.

हां, एकीनं सोडवायचं आणि तिघींनी उतरवायचं असं चालत असेल तर तो टाइमपासच. ते तिला विचारा, तपासायला जाऊ नका.

एमएस्सीच्या प्रवेशासाठीची जॅम परीक्षा टीवायला असताना देता येते, अजून वेळ आहे. क्लासचं नाव मी देणार नाही. पैसे घालवायचेच असतील तर एक बॉल-अँड-स्टिक मॉडेल किट घ्या, चौघींत पुरेल. कुरियरनं पाठवा, स्वतः घेऊन जाऊ नका.