वयाने मोठ्या माणसाला काम सांगायचं कसं?

'टीममधले एकजण माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत, त्यांना चूक कशी दाखवू?' हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की म्हटलं एकदा लिहूनच टाकूया.

माझ्याकडे सल्ल्यासाठी एक टीम लीड यायची, तिशीतली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तिच्या हाताखाली अकाउंट्सचे एक सीनियर, वय ५७. नवीन सॉफ्टवेअर आलं तरी ते आधी एक्सेलमध्ये सगळं करून बघायचे, मीटिंगमध्ये गप्प, आणि हिला बोलायचा संकोच म्हणून त्यांच्या चुका ही स्वतःच रात्री दुरुस्त करत बसायची.

"ते शिकायलाच तयार नाहीत हो," हे दर सेशनला.

एकदा मी म्हटलं, "सूचना देता ते सोडा, त्यांना कधी काही विचारता का?"

ती बराच वेळ बोललीच नाही. मग हळूच, "नाही. अडलं की मी बाकीच्यांना विचारते."

मला तिथेच गाठ सापडली. पुढच्या आठवड्यात तिने त्यांच्या शेजारी बसून फक्त एवढंच विचारलं की एक्सेल आधी का? त्यांनी दाखवलं, बिल नंबरात कोणी डॅश टाकला की सिस्टीम तेच बिल वेगळं समजते आणि ते दोनदा चढतं. ते महिनोन्‌महिने हे हाताने पकडत होते, कोणाला पत्ताच नाही! आणि जाता जाता म्हणाले, "मला वाटलं माझी जागा कधी रिकामी होतेय तेवढंच सगळे बघताय."

हे ऐकून मला नवल नाही वाटलं. मी मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनला फार मानते, त्याने १९५० मध्येच मांडलंय की मध्यमवयापासून माणसाला आपलं काहीतरी पुढच्यांच्या हाती द्यायचं असतं, ते घ्यायला कोणी नसेल तर माणूस आतून थांबतो. बाहेरून तो हट्ट दिसतो. आणि वयाने स्पीड जातो हेही अर्धंच खरं. १९८४ मध्ये टिमोथी सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञाने टायपिस्टवर अभ्यास केला, १९ ते ७२ वयाचे, वय वाढलेल्यांची रिअ‍ॅक्शन मंद होती पण टायपिंगचा वेग तेवढाच, कारण त्यांची नजर मजकुरात पुढची जास्त अक्षरं वाचत असायची.

म्हणून आधी विचारा, मग सांगा. पण सांगाच. वयाचा मान म्हणून चूक लपवणं हा मान नाही, त्यात तुम्ही त्यांना मोजणं बंद केलेलं असतं. चारचौघांत नको, दार लावून, स्पष्ट, डेडलाइन सगळ्यांना तीच. नवीन टूल शिकवताना माउस आपल्या हातात घेऊ नका, त्यांना करू द्या, स्टेप्स त्यांच्याच अक्षरात लिहू द्या. 'आता काय, रिटायरमेंट जवळ आली' असली वाक्यं गमतीतही नकोत.

तिने नंतर चुकांची यादी त्यांच्यासमोर ठेवलीच. त्यांनी चष्मा लावून वाचली, दोन मुद्द्यांवर वाद घातला, बाकीच्या मान्य केल्या. डॅशवाली तपासणी आता सिस्टीममध्ये आहे, आणि नव्या मुलांना ती तपासणी हे सीनियरच शिकवतात.