आधी झाकण बघा, अँटिबॉडी नंतर

तुमची पोस्ट वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, आरएनएला धरणारं एचयूआर प्रथिन, यूव्ही देऊन प्रथिन आणि आरएनए पक्के जोडायचे, मग प्रथिन अँटिबॉडीने ओढलं की वेस्टर्नला (प्रथिन ओळखायची चाचणी) ३६ किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत बँड, पण त्याच्या वर आरएनएचा जो धुरकट पट्टा चढलेला दिसायला हवा त्याचा पत्ता नाही. आणि गाइड म्हणतात अँटिबॉडी बदला. अगदी हेच, याच क्रमाने, मुंबईतच माझं झालंय. सात महिने पाण्यात गेले.

ग्लोव्हज, बर्फ, आरएनेजमुक्त पाणी यात शिरत नाही, तेवढं तुम्ही करतच असाल. एकच विचारते: यूव्ही देताना पेशींच्या प्लेटचं झाकण काढता का?

मी काढत नव्हते. दोन वर्षं टिश्यू कल्चर केलं की हाताला वळण लागतं, प्लेट हूडबाहेर आली की झाकण बंद. तशीच ती बर्फाच्या ट्रेवर ठेवून क्रॉसलिंकरमध्ये, म्हणजे यूव्ही देणाऱ्या मशीनमध्ये, सरकवायची, १५० मिलिज्यूल टाकायचे, मशीन पीं पीं करून थांबलं की आपण खूश. पण मशीनचा सेन्सर झाकणाच्या बाहेर बसलेला. आत पेशींपर्यंत काय पोचलं ते त्याला काय कळणार? आपल्या प्लेटी पॉलिस्टायरीनच्या. डोळ्यांना काचेसारख्या, पण २५४ नॅनोमीटरच्या यूव्हीला जवळजवळ भिंतच. मीडियाही (पेशी वाढवायचा द्रव) तसाच, त्यातला लाल रंग आणि सीरम यूव्ही पिऊन टाकतात, म्हणून मीडिया काढून पीबीएस या साध्या क्षारद्रावणाचा पातळ थर ठेवायचा. जोडच लागला नाही तर जेलमध्ये प्रथिन एकीकडे आणि आरएनए भलतीकडे. (४-थायोयुरिडीन हा यूव्हीला लवकर दाद देणारा घटक पेशींत घालून ३६५ नॅनोमीटरला करणाऱ्यांचं गणित वेगळं, पण तुम्ही २५४ लिहिलंय.)

मला हे कुणी सांगितलं नाही, पावसाने दाखवलं. जुलैतली दुपार, यूव्ही देऊन झालेला, तेवढ्यात सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आल्याचा मेसेज. सगळे पळाले. एक प्लेट लाइझ करायची, म्हणजे तिच्यातल्या पेशी फोडायची, राहिली होती. तिच्यात मीडिया घालून मी ती इनक्युबेटरमध्ये का ढकलली, ते आजही सांगता येणार नाही. दोन दिवसांनी मायक्रोस्कोपखाली धरली तर काठोकाठ भरलेली! एवढा यूव्ही खाल्लेल्या पेशी गोल होऊन तरंगायला हव्यात. या आपल्या चिकटून, पसरून, वाढत होत्या.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. दोन प्लेटी घ्या, एक झाकण लावून, एक उघडी, दोन्हींना तेवढाच यूव्ही, मग मीडिया घालून इनक्युबेटरमध्ये. एकदोन दिवसांत उत्तर मिळेल, खर्च शून्य. आणि यापुढे प्रत्येक जेलवर यूव्ही न दिलेल्या नमुन्याची लेन हवीच. माझ्याकडे ती होती बरं का, आणि ती बाकीच्या लेनसारखीच दिसत होती. ते बघूनही मी दोष अँटिबॉडीलाच दिला. ३६ला बँड येतोय म्हणजे ती बिचारी आपलं काम करतेय, हे तेव्हा सुचलं नाही. आरएनए बसल्यावर अँटिबॉडीची जागा झाकली जाते असं कधीकधी होतं, पण तो संशय शेवटचा.

अँटिबॉडी बदलायचीच म्हणाल तर खरेदी विभागाशी गाठ आहे. आमच्याकडच्या साहेबांना एकाच कंपनीच्या मालासाठी तीन कोटेशनं हवी होती. प्रोप्रायटरी सर्टिफिकेट (हा माल एकच कंपनी बनवते असा दाखला) दिलं तर त्यावरचा शिक्का वाकडा. सहा आठवडे फाइल या टेबलावरून त्या टेबलावर. शेवटी पार्सल आलं शुक्रवारी संध्याकाळी, गेटवरच्यांनी स्टोअर्समध्ये ठेवलं, स्टोअर्सला कुलूप. सोमवारी थर्माकोलच्या डब्यात कोमट जेलपॅक. कुणाची चूक? कुणाचीच नाही म्हणे. पार्सलवर आपला मोबाइल नंबर मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा आणि सोमवारी निघेल असंच पाठवायला लावा.

आता तुमचा दुसरा मुद्दा: एचयूआर कमी केल्यावर वाढ मंदावते, पण क्यूपीसीआरला (आरएनए मोजायची चाचणी) सायक्लिन ए या पेशीविभाजन चालवणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए तेवढाच, म्हणून एचयूआरचा सायक्लिनशी संबंध नाही, असं तुमचं म्हणणं. इथे मी वाद घालणार. सायक्लिन ए आणि बी१चे एमआरएनए एचयूआरमुळे जास्त टिकतात हे २००० सालीच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत दाखवलंय. एकूण साठा मोजून ते दरवेळी दिसेलच असं नाही. नवा आरएनए बनणं थांबवणारं ॲक्टिनोमायसिन डी देऊन तासातासाला मोजा, अर्धायुष्य काढा. शिवाय ही प्रथिनं नुसती एमआरएनए जपत नाहीत, त्याचं भाषांतर, म्हणजे त्यापासून प्रथिन बनणं, किती व्हावं यातही हात घालतात. वेस्टर्न आणि जमलं तर पॉलिसोम (एमआरएनएवर प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमांची माळ) बघा. उलट बाजूला टीटीपीसारखी प्रथिनं एमआरएनएवरच्या त्याच एयू-बहुल (ए आणि यू अक्षरं जास्त असलेल्या) जागांवर बसून एमआरएनए मोडायला लावतात. तुमच्या पेशींत त्यांची मात्रा किती हे बघितलंत का? आणि एचयूआर कमी करायला वापरलेल्या एकाच एसआयआरएनएवर विसंबू नका. एसआयआरएनएला दाद न देणारा एचयूआर परत घालून वाढ पूर्ववत होते का ते बघा. एचयूआर हजारो आरएनएंना धरतो, त्यातला एक सायक्लिन उचलून कर्करोगाची अख्खी गोष्ट रचायची घाई मला तरी पटत नाही.

जाता जाता, एचयूआरमधलं 'हू' (Hu) हे नाव एका रुग्णाच्या आडनावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून पडलंय. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांच्या रक्तात चेतापेशींतल्या प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी सापडल्या, तिथून हे घराणं कळलं. एचयूआर त्यातलाच, फक्त सगळ्या अंगभर पसरलेला. व्हायव्हाला विचारतात.

मी आता बेंचवर नाही, तेव्हा नव्या किटांबद्दल माझं ऐकू नका, आणि गाइडना हे माझ्या नावाने सांगू नका. पण ती जुनी अँटिबॉडी टाकू नका. मी अर्धी भरलेली व्हायल रागाने टाकली होती, आणि झाकण काढल्यावर पहिला पट्टा दिसला तो शेजारच्या लॅबमधून मागून आणलेल्या त्याच कॅटलॉग नंबरच्या अँटिबॉडीने.